जपानमध्ये जात नव्हती, तर उशिमात्सु काय लपवत होता?

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला, आवाज रडवेला. ती पुण्यात जपानी शिकते आणि एम.ए.च्या प्रबंधासाठी तिने आधुनिक जपानी कादंबरी हा विषय घेतलाय. दाजींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली तिला लिहिलं, "वाच आणि विषय बदल. अजून वेळ आहे."

फॉरवर्ड म्हणजे 'जपान पुढे का गेला'. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. जपानमध्ये जातपात कधीच नव्हती. तिथे वृद्धाश्रम नाहीत, सुना सासूसासऱ्यांना देवासारखं सांभाळतात. रस्त्यावर एकही बेघर माणूस दिसत नाही. मुलं आपली शाळा आपण झाडतात. आणि शेवटी: जपान समजून घ्यायचा तर कथा-कादंबऱ्यांत वेळ घालवू नका, त्या कल्पनेतल्या गोष्टी, आकडे बघा. हाच मजकूर मला याआधी तीन जणांनी पाठवला होता, तेव्हा गप्प बसलो. आता त्याच्या जोरावर एका मुलीचं दोन वर्षांचं वाचन मोडीत निघतंय, म्हणून लिहितो.

जातीपासूनच सुरुवात करतो, कारण हे वाक्य नुसतं चूक नाही, घातक आहे. तोकुगावा काळात, म्हणजे मेइजी राजवटीच्या आधीच्या शोगुनांच्या काळात, जनावरांची कातडी सोलणारे, चामडं कमावणारे, फाशीची कामं करणारे लोक गावाबाहेर वेगळ्या वस्त्यांत राहायचे. त्यांना 'एता' म्हणत, आणि हा शब्द ज्या दोन चिन्हांनी लिहीत त्यांचा अर्थच 'पुष्कळ विटाळ'. १८७१ मध्ये मेइजी सरकारने हुकूम काढून ही वर्गवारी रद्द केली. पण पुढच्याच वर्षी झालेल्या कुटुंबनोंदणीत बऱ्याच ठिकाणी या लोकांच्या नावापुढे 'नवे सामान्यजन' असा शेरा पडला. म्हणजे ओळख पुसली नाही, नव्या कागदावर उतरवली. ती दफ्तरं लोकांना पाहायला बंद झाली १९६८ मध्ये. दरम्यान ९६ वर्षं गेली.

दाजी आकडे बघा म्हणतात. कुठले बघायचे? जपानच्या जनगणनेत बुराकुमिन (म्हणजे 'वस्तीतली माणसं', या समाजाचं पुढचं नाव) असा रकानाच नाही. रकाना नाही म्हणून माणसं नाहीत, असं ज्याला वाटतं त्याने शिमाझाकी तोसोनची 'हाकाई' वाचावी. 'हाकाई' म्हणजे आज्ञाभंग. ही कादंबरी तोसोनने १९०६ मध्ये स्वतःच्या खर्चाने छापली.

सेगावा उशिमात्सु हा नागानो प्रांतातल्या ईयामा गावचा तरुण शाळामास्तर. त्याच्या बापाने त्याला एकच आज्ञा दिलेली: काहीही होवो, कुणीही भेटो, आपण कोण हे सांगायचं नाही. कादंबरी उघडते तेव्हा उशिमात्सु बिऱ्हाड बदलायच्या घाईत आहे. कारण काय, तर तो राहतो त्या खानावळीत एक श्रीमंत माणूस उतरलाय. उपचारासाठी गावात आलेला. तो 'एता' असल्याचा बोभाटा होतो आणि बाकीचे भाडेकरू त्याला बाहेर काढायला लावतात. पैसा आहे, आजार आहे, पण खोली नाही. उशिमात्सु हे बघतो आणि लगेच दुसरी जागा शोधतो. मराठी वाचकाला इथे बडोद्याची पारशी खानावळ आठवणारच, डॉ. आंबेडकरांना तिथून बाहेर काढलं ते या कादंबरीनंतर अकरा-बारा वर्षांनी.

पुढचा एक प्रसंग तर मला आकड्यांच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा मोठा वाटतो. इनोको रेन्तारो हा त्याच समाजातला, आपली ओळख उघडपणे सांगणारा लेखक. उशिमात्सु त्याची पुस्तकं जीव लावून वाचतो. संशयाची कुजबुज सुरू झाल्यावर तो त्या पुस्तकांवरचा आपल्या नावाचा शिक्का शाईने खोडतो आणि ती रद्दीच्या भावात विकून टाकतो. भीती माणसाकडून काय करून घेते, हे कुठल्या पाहणीत नोंदवलं जाणार?

आणि हे १९०६ मध्ये संपलं का? सुइहेइशा ही या समाजाची संघटना १९२२ मध्ये क्योतोत उभी राहिली. जातच नसेल तर ती कशासाठी? १९७५ च्या शेवटी उघड झालं, की देशभरच्या बुराकु वस्त्यांचे पत्ते छापलेली पुस्तकं गुपचूप विकली जात होती आणि नोकरीला येणाऱ्याचा पत्ता ताडून पाहायला कंपन्या ती घेत होत्या. जवळपास त्याच हिवाळ्यात वाकायामातल्या शिंगू गावच्या बुराकु वस्तीत वाढलेल्या नाकागामी केन्जी या लेखकाला 'मिसाकी' या लघुकादंबरीसाठी अकुतागावा हा मानाचा साहित्य पुरस्कार मिळाला. बुराकु भेदभाव संपवण्याचा कायदा संसदेने केला डिसेंबर २०१६ मध्ये. जे कधी नव्हतंच, ते संपवायला २०१६ मध्ये कायदा कोण करतं?

आता वृद्धांचं. जपानमध्ये वृद्धांच्या शुश्रूषागृहांची तरतूद १९६३ च्या कायद्यातच आहे, एवढ्यावर हा मुद्दा संपतो. पण 'सुना सांभाळतात' या वाक्याला माझ्या बहिणीने ग्रुपवर 'लाइक'चा अंगठा दिला, म्हणून दोन वाक्यं जास्त. अरियोशी सावाकोची १९७२ ची 'कोकोत्सु नो हितो' ही कादंबरी वाचा. नोकरी करणारी सून आणि स्मृती गेलेला सासरा. तो पोटच्या मुलाला ओळखत नाही, पण सुनेला ओळखतो, आणि म्हणून सगळं तिच्यावर येतं. नवरा मात्र अंग चोरतो. पुस्तक दहा लाखांहून जास्त खपलं, कारण घरोघरी हेच चाललं होतं. सुनेच्या अंगावरचा हा भार वाटून घ्यायला सरकारी शुश्रूषा विमा आला तो थेट २००० साली.

बेघरांबद्दल एकच सांगतो. यू मिरीच्या २०१४ च्या कादंबरीतला काझु हा फुकुशिमाचा मजूर. १९६४ च्या ऑलिंपिकच्या बांधकामांवर राबलेला, म्हातारपणी तोक्योच्या उएनो बागेत ताडपत्रीखाली राहणारा. राजघराण्यातलं कुणी येणार असलं की बागेतल्या या झोपड्या उठवल्या जातात. पाहुण्याला बेघर दिसत नाहीत, कारण कुणीतरी ते दिसू देत नाही.

मुलं वर्ग झाडतात हे खरं. मान्य.

आणि हेही मान्य करतो, की कादंबरीवरून अख्ख्या देशाची सरासरी काढता येत नाही. तोसोन स्वतः त्या समाजातला नव्हता आणि ते जागोजागी जाणवतं. शेवटी उशिमात्सु आपली ओळख सांगतो ती विद्यार्थ्यांपुढे गुडघे टेकून, माफी मागत, आणि मग देश सोडून टेक्सासला जायला निघतो. माफी त्याने का मागावी? हे वाचताना मला दर वेळी राग येतो. पण भल्या मनाच्या लेखकालाही तेव्हा दुसरा शेवट सुचला नाही, हासुद्धा तेव्हाच्या जपानचाच पुरावा आहे. १९३९ च्या सुधारित आवृत्तीत तोसोनने बोचणारे शब्द बदलले, काही गाळले. मूळ संहिता पुन्हा छापली गेली ती १९५३ मध्ये.

भाचीने विषय बदललेला नाही. ती सध्या दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून कुठला शब्द कुठे गेला याची यादी करते आहे. दाजी, पुढचा फॉरवर्ड पाठवण्याआधी तिच्याकडून ती यादी मागून घ्या, आणि पहिल्या प्रकरणापासून तिच्याशेजारी बसून वाचा.