गटातल्या फुकट्यांचं काय करायचं?

सबमिशनचे दिवस आले की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद हमखास पेटतो. भाची पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. पाच जणांच्या प्रोजेक्टमध्ये कोडिंग तिचं, रिपोर्ट तिचा, पीपीटीसुद्धा तिचीच. गुण मात्र पाचही जणांना सारखे. तिच्या बाबांचं, म्हणजे माझ्या दादाचं, मत ठरलेलं: "आयत्या बिळावरचे नागोबा तयार करायचे धंदे आहेत हे. बंद करा आणि सरळ लेखी परीक्षा घ्या." मग कुणीतरी मला डिवचतं, "तुमच्या डेन्मार्कमध्ये तर सगळंच ग्रुपने करतात म्हणे?"

करतात. मी राहते त्या ऑलबोर्गमधलं विद्यापीठ १९७४ साली सुरू झालं तेच या पद्धतीवर. सेमिस्टरचा साधारण निम्मा भार प्रकल्पाचा, आणि तो गटाने करायचा. पण इथली मुलं जात्याच समंजस आणि कामसू असतात असा कुणाचा समज असेल, तर तो सोडून द्यावा. दादाचं म्हणणं इथल्या सरकारनेही मांडून झालंय. २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान अँडर्स फॉग रासमुसेन यांच्या सरकारने गटाची एकत्र तोंडी परीक्षाच बंद केली. कारण तेच, हुशारांच्या आडोशाला आळशी लपतात. प्रकल्प गटात, परीक्षा एकेकट्याची, असा प्रकार काही वर्षं चालला. विद्यापीठं आणि विद्यार्थी कुरकुरत राहिले. २०११ मध्ये सरकार बदललं आणि त्यानंतर बंदी उठली.

फुकटा पकडायचा कसा, हे मला कळलं परीक्षकाच्या खुर्चीत बसल्यावर. नोकरी करणाऱ्या इंजिनिअरांना इथे बाहेरचे परीक्षक म्हणून बोलावतात, तशी मीही जाते. सहा जणांचा गट असला तर परीक्षा दोन-तीन तास सहज चालते. एका गटातला एक मुलगा सादरीकरणात भलताच सफाईने बोलला. मी त्याला रिपोर्टमधल्या एका आलेखाबद्दल विचारलं, ही रेषा इथे एकदम खाली का आली? म्हणाला, "तो भाग माझ्याकडे नव्हता." शेजारी बसलेल्या त्यांच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "रिपोर्टवर नाव तर तुझं आहे." पुढे कुणी काही बोलेना. जिने तो आलेख काढला होता ती मुलगी उत्तर द्यायला पुढे सरसावली, तशी बाईंनी तिला नजरेनेच थांबवलं. निकाल लागला तेव्हा तिला १२, म्हणजे इथले सर्वोच्च गुण. त्याला ०२, म्हणजे काठावर पास. रिपोर्ट एकच.

गुण वेगवेगळे मिळणार हे पहिल्या दिवसापासून माहीत असल्यामुळे गटही जरा जपून वागतो. सुरुवातीलाच आपापसांत लेखी करार करतात: भेटायचं कधी, कोण काय करणार, कुणी कामच केलं नाही तर पुढे काय. उशिरा येणाऱ्याने सगळ्यांसाठी केक आणायचा, असली कलमंही त्यात असतात. पोरखेळ वाटेल, पण त्यामुळे वाईटपणा कुणा एकाला घ्यावा लागत नाही. आपलं घोडं नेमकं तिथे अडतं. भाचीला मी विचारलं, "तू त्यांना तोंडावर बोललीस का?" तर म्हणे, "जाऊ दे गं आत्या, कशाला उगाच संबंध बिघडवायचे? त्यांच्या मागे लागण्यापेक्षा माझं मी लवकर करते."

इथे सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. मुलं गट आपापले जुळवतात, त्यात परदेशी मुलं बाजूला पडतात आणि शेवटी उरलेल्यांचा एक गट होतो. आपली मराठी पोरंही त्यात सापडतात आणि पहिलं सेमिस्टर कुढत काढतात. यावर कुणी धड उपाय काढलेला मी तरी पाहिला नाही.

तरीही दादाचा उपाय मला पटत नाही. पुणे विद्यापीठाने इंजिनिअरिंगच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये पहिल्याच वर्षाला 'प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग' आणलं. नव्या शैक्षणिक धोरणातून फील्ड प्रोजेक्ट आले, ऑन जॉब ट्रेनिंग आलं. कागदावर बघाल तर हे ऑलबोर्गपासून फार लांब नाही. पण भाचीच्या गटाला व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मिळाली जेमतेम दहा मिनिटं, आणि त्यातली निम्मी पेनड्राइव्ह उघडेना म्हणून गेली. एक्स्टर्नलने पुढच्या गटाला हाक मारली. बाहेर रांग लागलेली होती, त्यात त्यांचा तरी काय दोष? गाइड तासिका तत्त्वावरचे. त्यांच्याकडे असे कितीतरी गट, आणि मानधन हातात पडेल तेव्हा खरं. कुणी काय केलं हे खोदून विचारायला माणूस लागतो आणि त्या माणसाला दुपारभर वेळ लागतो. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवायच्या आणि प्रकल्पांची क्रेडिट मात्र वाढवत न्यायची, असंच चालायचं असेल तर दर ग्रुपमध्ये एक पोर रात्रभर जागणार, आणि बाकीचे पीपीटीच्या पहिल्या पानावर आपलं नाव बरोबर लिहिलंय ना, तेवढं बघून झोपणार.