आजीच्या डान्स क्लासमधला गँगस्टर

काल ग्रुपवर परत तोच वाद, नव्वदीतली ती हार्डकोर, म्हणजे बंदुका-मारामारीची गाणी म्हणणारी रॅपवाली पोरं खरी होती का नुसतं सोंग होतं. आणि दरवेळी गाडी प्रॉडिजीवर येऊन अडते, मॉब डीप ह्या न्यूयॉर्कच्या रॅप जोडीमधला तो. कारण २००१ ला समर जॅम नावाच्या कॉन्सर्टमध्ये जे-झी ह्या दुसऱ्या रॅपरनं स्टेजवरच्या मोठ्या स्क्रीनवर त्याचा लहानपणीचा फोटो लावला होता, मायकल जॅक्सनसारखा ड्रेस घातलेला. झालं, तेव्हापासून ‘हा कसला गँगस्टर’ सुरू.

अरे पण त्याच्या आजीचाच डान्स क्लास होता न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, मग पोरगं नाचणार नाही तर काय करणार? आजोबा बड जॉन्सन जॅझमधले नावाजलेले सॅक्सोफोनवाले, आई द क्रिस्टल्स ह्या मुलींच्या ग्रुपमध्ये गायलेली. क्वीन्सब्रिजच्या सरकारी बिल्डिंगांत वाढला तो जोडीदार हॅवॉक, प्रॉडिजी लाँग आयलंडकडचा. दोघांची गाठ पडली मॅनहॅटनच्या आर्ट अँड डिझाईन हायस्कूलमध्ये, म्हणजे चित्रकलेच्या शाळेत!

१९९३ ला पहिला अल्बम आला ‘ज्युव्हेनाईल हेल’, दोघं १८ वर्षांचे, अल्बम आपटला आणि कंपनीनं नारळ दिला. त्याच वर्षी इलीगल नावाची आणखी एक रॅप जोडी आली, मलिक आणि जमाल, मिसरूडही फुटलं नव्हतं आणि तोंडात सगळी मारामारीची भाषा. आदल्या वर्षी क्रिस क्रॉसचं ‘जंप’ ८ आठवडे एक नंबरला होतं, उलटे कपडे घालून उड्या मारणारी गोड पोरं, तर ह्यांनी त्यांनाच शिव्या घातल्या. मला तर वाटतं गोड पोरं खपतात म्हटल्यावर कडू पोरंही खपवून बघू असाच तो हिशोब होता. एक अल्बम आणि जोडी फुटली. जमालनं १९९५ ला एकट्यानं अल्बम काढला, चांगला आहे, ऐका, पण पुढं गाडी सरकलीच नाही.

मॉब डीप वाचले ते मात्र आपटल्यामुळंच, हे माझं ठाम मत. काम नाही म्हटल्यावर स्वतःच बीट, म्हणजे रॅपमागचं संगीत, करायला बसले, क्यू-टिप ह्या रॅपरनं हात दिला, आणि १९९५ च्या एप्रिलमध्ये आला दुसरा अल्बम, ‘द इनफेमस’. त्यातलं ‘शूक वन्स पार्ट टू’ मी पहिल्यांदा ऐकलं ते ‘८ माईल’ पिक्चरच्या सुरवातीला, पायरेटेड सीडीवर, आणि पिक्चर राहिला बाजूला. गाण्यातला तो भुतासारखा सूर आला कुठून हे जगभरच्या शौकिनांना २०११ पर्यंत सापडत नव्हतं, शेवटी निघाला जॅझवाल्या हर्बी हॅनकॉकचा पियानो, तोडून आणि सूर बदलून असा वापरलाय की मूळ गाणं शेजारी लावलं तरी पटकन कळत नाही. १९-२० वर्षांच्या पोरांचं काम आहे हे.

आता सोंगाबद्दल. मी चंद्रपूरचा, आमच्याकडं सिकलसेल, म्हणजे रक्ताचा तो जन्मजात, अंग दुखवणारा आजार, काय असतं ते सांगावं लागत नाही. शाळेत माझ्या बाकावरचा मित्र थंडीत गुडघे धरून बसायचा, पीटीचे सर म्हणायचे नाटक करतोय. दहावीच्या आधी दोनदा ॲडमिट झाला तेव्हा कुठं नाटक म्हणायचे बंद झाले. प्रॉडिजीला जन्मापासून सिकलसेल होता. २००० साली त्यानं त्या दुखण्यावरच गाणं केलं, माझं दुखणं तुम्हाला कळायचंच नाही असं, आणि लगेच पुढच्या वर्षी लोकांना दिसला तो डान्सवाला फोटो. ‘शूक वन्स’मध्ये पण म्हणतो ना की वय १९ आहे पण डोकं म्हातारं झालंय, आम्ही कॉलेजात ते स्टाईल म्हणून म्हणायचो. जो पोरगा दर काही महिन्यांनी दवाखान्यात कण्हत पडतो तो हे उगाच म्हणत नसतो राव.

२०१७ च्या जूनमध्ये टूरवर असतानाच लास वेगासला दवाखान्यात नेला, तिथंच गेला, ४२ वर्षांचा. त्याआधी बंदूक बाळगल्याच्या केसमध्ये तीनेक वर्षं आत काढून २०११ ला सुटला होता, आणि २०१६ ला ह्या हार्डकोर माणसानं पुस्तक काढलं ते तुरुंगाच्या कँटीनमध्ये मिळणाऱ्या सामानातून पोटाला झेपेल असं काय काय शिजवता येतं, त्याच्या रेसिपींचं.