बर्फ काचेसारखा निघाला म्हणून पाणी शुद्ध होत नाही

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठवडा उरला की भुसावळात फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला जेवायलाही फुरसत नसते. लेकी माहेरी येणार, घरोघरी आमरसाचे टोप भरणार, पन्हं होणार, आणि बर्फ लागणार. यंदा मात्र दुरुस्तीच्या फोनपेक्षा एकच प्रश्न जास्त आला: "भाऊ, ते काचेसारखा बर्फ करायचं मशीन घेऊ का? ग्रुपवर मेसेज आलाय."

मेसेज तुम्हालाही आला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. फ्रिजमधला बर्फ पांढरा होतो तो पाण्यातल्या क्लोरीनमुळे आणि केमिकलमुळे. पांढरा बर्फ मासळीसाठी, कारखान्यासाठी असतो. खायचा बर्फ काचेसारखाच हवा. घरगुती क्लिअर आइस मशीन पाण्यातली सगळी घाण बाजूला काढतं, म्हणून त्यात नळाचं किंवा बोअरचं पाणी थेट ओतलं तरी चालतं. हा बर्फ दुप्पट थंड असतो आणि तिप्पट टिकतो. मशीन नसेल तर पाणी दोनदा उकळून गोठवा, तसाच बर्फ मिळेल.

बावीस वर्षं मी फ्रिज, डीप फ्रीझर आणि बर्फाची मशिनं उघडतोय. या मेसेजात एक गोष्ट अर्धी खरी आहे, बाकीच्या चुकीच्या आहेत, आणि "थेट ओतलं तरी चालतं" हे वाक्य लेकराबाळांना आजारी पाडणारं आहे. त्या एका वाक्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

आधी पांढरेपणाचं बघू. बर्फाच्या कारखान्यातून निघालेली लादी गोणपाट सोडून कधी नीट पाहिलीय? कडेचा भाग इतका आरपार की पलीकडचा हात दिसावा, आणि मधोमध वरपासून खालपर्यंत पांढरा दांडा. कारखान्यात पत्र्याचे उंच डबे मिठाच्या अतिथंड पाण्यात उभे ठेवतात. डब्यातलं पाणी भिंतींकडून गोठायला लागतं आणि गोठत गोठत मध्याकडे येतं. बर्फाचा स्फटिक बनताना पाण्याशिवाय दुसरं काही सहसा आत घेत नाही. पाण्यात विरघळलेली हवा, क्षार, जे काही असेल ते तो पुढे ढकलत नेतो. शेवटी मध्यभागी पळायला जागा उरत नाही, हवेचे बारीक बुडबुडे तिथेच अडकतात आणि उजेड त्यांच्यावरून विखुरला की आपल्याला पांढरं दिसतं. डबा एक, पाणी एक. मग त्याच पाण्याचा कडेचा भाग शुद्ध आणि मधला भाग केमिकल, असं कसं म्हणायचं?

घरच्या ट्रेमध्येही हेच होतं, फक्त छोट्या मापात. खडा चारी बाजूंनी आणि भरभर गोठतो, म्हणून पोटात पांढरा ठिपका राहतो. खात्री करायची तर आरओचं पाणी ट्रेमध्ये ओतून बघा. त्यात क्षार नावापुरते असतात, तरी खड्याचं पोट पांढरंच निघेल, कारण हवा आहेच. ३० अंशांच्या एका लिटर पाण्यात साधारण १५ मिलिलिटर, म्हणजे मोठा चमचाभर हवा विरघळलेली असते, आणि बर्फात तिला जवळजवळ जागाच नसते. क्लोरीनचं म्हणाल, तर पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ते लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम उरलेलं असावं असं सांगितलंय. एवढ्याशा क्लोरीनने बर्फ पांढरा होत नाही. उलट ते पाण्यात असतं म्हणून नळाचं पाणी घरी येईपर्यंत जंतूंपासून थोडंफार राखलं जातं.

मासळीच्या बर्फाबद्दल मेसेजने तर रंगच चुकवलाय. खायचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून महाराष्ट्रात जून २०१८ पासून अन्न व औषध प्रशासनाने त्यात खाण्याचा निळा रंग टाकायला लावला. म्हणजे निळसर बर्फ गोळ्याच्या किंवा रसवंतीच्या गाडीवर दिसला तर तिथून निघून या. पांढरा आणि आरपार यांत मात्र खायचा कोणता, न खायचा कोणता, हे रंगावरून कुणालाच सांगता येत नाही. गाडीवाल्याला विचारायचं ते एवढंच, की बर्फ कुठल्या कारखान्याचा आणि पाणी कुठलं.

आता मशीनकडे येतो. या नावाखाली बाजारात दोन अगदी वेगळ्या वस्तू विकतात, आणि मेसेज दोघींना एकच समजतो. स्वस्तातल्या मशीनमध्ये बोटासारख्या धातूच्या दांड्या पाण्यात बुडतात, त्यांच्यावर सहा-दहा मिनिटांत बर्फ चढतो, मग आतून गरम गॅस फिरतो आणि बर्फ सुटून टोपलीत पडतो. हा बर्फ आतून पोकळ, बंदुकीच्या गोळीसारखा, आणि बहुतेक वेळा धुरकट असतो. खोक्यावर काहीही छापलेलं असो. खरं काचेसारखा बर्फ करणारं मशीन पाणी स्थिर ठेवत नाही. त्यात छोटा पंप असतो, तो थंड पत्र्यावरून किंवा साच्यातून पाणी सारखं वाहतं ठेवतो. वाहतं पाणी गोठणाऱ्या पृष्ठभागावरून हवा आणि क्षार धुऊन नेतं, म्हणून खडा स्वच्छ दिसतो. घ्यायचंच असेल तर दुकानदाराला पंप कुठे आहे ते दाखवायला सांगा.

अर्धी खरी गोष्ट ती इथेच. वाहत्या पाण्यातून बनलेल्या खड्यात क्षार खरोखर कमी असतात. मी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, लावून पाहिलंय, वितळलेल्या खड्याचा आकडा टाकीतल्या पाण्यापेक्षा बराच खाली येतो. आपल्याकडच्या बोअरचं पाणी ज्यांनी चाखलंय त्यांना हे मोठंच वाटेल. पण खड्याने सोडलेले क्षार जातात कुठे? परत खालच्या टाकीत. दर फेरीला टाकीतलं पाणी आणखी खारट होतं, आणि पुढचे खडे त्यातूनच बनतात. म्हणून दिवसाखेर ती टाकी रिकामी करावी लागते. मेसेजात त्याचा उल्लेखही नाही.

जंतूंचं मात्र क्षारांसारखं नाही. त्यातले काही बाहेर ढकलले जातात, काही खड्यातच अडकतात, आणि जे अडकतात ते सगळे थंडीने मरत नाहीत. प्रयोगशाळेत जंतूंचे नमुने वर्षानुवर्षं टिकवायचे असतील तर ते उणे ८० अंशांवर गोठवूनच ठेवतात. काविळीचा विषाणू, हगवणीचे जंतू बर्फात तग धरतात आणि सरबतात खडा वितळला की मोकळे होतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत तळ्यांवरून कापलेला बर्फ जहाजाने जगभर जायचा. १८३३ मध्ये तो बोस्टनहून कोलकात्यालाही आला होता. तो बर्फ आरपार दिसायचा म्हणूनच त्याची ख्याती होती. पुढे शहरांचं सांडपाणी नद्या-तळ्यांत मिसळू लागलं तेव्हा त्याच आरपार बर्फातून टायफॉइड पसरायची भीती उभी राहिली. घरगुती मशीनमध्ये आरओ नसतं. बहुतेकांत असते ती फक्त एक जाळी, तीही पंपात कचरा अडकू नये म्हणून.

गेल्या एप्रिलमध्ये जळगावला एका मावशींकडे गेलो होतो. तक्रार अशी की बर्फाला वास येतो. मावशींनी ताटलीत दोन खडे आणून उजेडात धरले. "हाऊ बर्फ काचना मायक दिखस, मंग वास कसाना?" खडे खरंच सुंदर होते, एक बुडबुडा नाही. मी मशीनची टोपली काढली, टाकीच्या तळाला बोट लावलं आणि ते घसरलं. भेंडी चिरल्यावर सुरीला लागतो तसा बुळबुळीत थर होता. पंपाच्या जाळीवर तोच थर, आणि पाण्याच्या रेषेवर क्षारांचा खरखरीत पांढरा कडा. विकणाऱ्याने सांगितलं होतं की मशीन पाणी आपोआप साफ करतं, म्हणून महिनाभर गच्चीवरच्या टाकीचं पाणी तसंच ओतलं जात होतं आणि खालचं बूच एकदाही उघडलं नव्हतं. घरात दोन नातवंडं, सुट्टीला आलेली. मला तो थर दाखवताना जीव खाली-वर झाला. मावशींची चूक नव्हती. त्यांनी डोळ्यांनी जे दिसलं त्यावर भरवसा ठेवला, आणि कानावर आलं तेही तसंच होतं.

मशीन असेल तर त्यात फक्त पिण्याचं पाणी घाला, म्हणजे जे तुम्ही लेकराला पेल्यातून द्याल तेच. रात्री बूच काढून टाकी पूर्ण रिकामी करा, झाकण उघडं ठेवून वाळू द्या. क्षार चढले की कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून ते एक फेरी फिरवा, मग दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुवा आणि पहिला बर्फ टाकून द्या.

"दुप्पट थंड" हे तर उलटंच आहे. १ किलो बर्फ शून्य अंशांवर वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता ओढून घेतो, पांढरा असो की काचेसारखा. मशीनच्या टोपलीतला बर्फ ओला असतो, म्हणजे शून्य अंशांवरच असतो. फ्रीझरमधला बर्फ उणे १८ अंशांवर असतो, त्यामुळे शून्यापर्यंत येतानाच तो आणखी ३८ किलोज्यूल घेतो. म्हणजे ट्रेमधला बदनाम पांढरा खडा जवळजवळ ११ टक्के जास्त थंडावा देतो. सरबतात टाकल्यावर तो टकटक तडकतो तो त्याच थंडीमुळे. टिकण्याचं गणित आकाराचं आहे. एक मोठा ठोकळा सावकाश वितळतो, तेवढ्याच वजनाचा चुरा पटकन संपतो, आणि पोकळ गोळी तर आतून-बाहेरून वितळते. बुडबुड्यांनी पडलाच तर किरकोळ फरक पडेल.

टोपली थंड करायची सोयही बहुतेक मशीनमध्ये नसते, हे दुकानात कुणी सांगत नाही. बर्फ पडतो, वितळतो, टाकीत जातो, पुन्हा गोठतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर चढतो आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. २५ अंशांचं १ किलो पाणी गोठवायला साधारण ४४० किलोज्यूल उष्णता काढावी लागते, ४० अंशांचं असेल तर ५००. वर कंडेन्सरला, म्हणजे मशीनची उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांना, ती उष्णता तापलेल्या स्वयंपाकघरातच सोडायची असते. त्यामुळे खोक्यावर "दिवसाला १२ किलो" लिहिलेलं असलं तरी खानदेशातल्या दुपारी तेवढ्याची आशा धरू नका. मशीन भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, गॅसच्या शेगडीजवळ नको, आणि पाणी माठातलं गार घाला. निघालेला बर्फ लगेच पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाका.

राहिलं दोनदा उकळणं. उकळल्याने विरघळलेली हवा बरीचशी निघून जाते, पण पाणी निवताना परत शिरते. जड पाण्यातला काही चुना भांड्याच्या तळाला बसतो, तेवढं पाणी हलकं होतं. तरी ट्रेमध्ये ते चारी बाजूंनीच गोठणार, म्हणून पोट पांढरं राहणारच, फार तर थोडं कमी. पाणी जरूर उकळा, एकदा खळखळून उकळलेलं पुरे, पण ते जंतू मरावेत म्हणून.

आरपार बर्फ बघायची हौस असेल तर मशीनशिवायही होतो. फ्रीझरमध्ये मावेल असा थर्माकोलचा खोका घ्या, आत पाण्याचा चौकोनी डबा घट्ट बसवा आणि झाकण काढून ठेवा. बाजू आणि तळ झाकलेले, त्यामुळे थंडी फक्त वरून लागते आणि पाणी वरून खाली गोठत जातं, थंड मुलखातल्या तळ्यासारखं. हवा नि क्षार तळाकडे ढकलले जातात. १८ ते २४ तासांनी, तळाचं पाणी अजून पातळ असतानाच डबा काढा. पूर्ण गोठू दिलं तर सगळा पांढरेपणा तळाला जमतो, आणि गोठताना पाणी जवळपास ९ टक्के फुगतं म्हणून डबाही फुटू शकतो. तळाचं पाणी ओतून द्या, वरचा ठोकळा दहा मिनिटं बाहेर राहू द्या, मग दाताच्या सुरीने रेघ ओढून हलकेच ठोका. सरळ तुकडा निघतो. आमच्या घरी आखाजीच्या पन्ह्यात मुली हेच खडे घालतात, पाणी अर्थात उकळून गार केलेलं.

मावशींची टाकी मी त्या दिवशी लिंबूसत्त्वाने दोनदा धुतली, जाळी ब्रशने घासली, आणि त्यांच्या सुनेने उकळून माठात निववलेलं पाणी भरलं. वीसेक मिनिटांनी पहिली खेप पडली. ती टाकून दिली. दुसऱ्या खेपेतला एक खडा मावशींनी फ्रीझरमधून काढलेल्या आधीच्या खड्याशेजारी ताटलीत ठेवला आणि दोन्ही खिडकीकडे नेऊन बराच वेळ फिरवून फिरवून पाहिले. कुठला कोणता, ते त्यांना सांगता येईना. मलाही येईना.