गिऱ्हाईक पुरात नाही, मे महिन्यात मिळतं

पुरानंतरच्या घरसफाईच्या धंद्यावर एक लेख वाचला, त्यात म्हटलंय, पूर ओसरला की लगेच जाहिरात करा, घरसफाईची कामं धावत येतील. मी सांगलीत चिखलाचा पंप, प्रेशर वॉशर आणि चार पोरं घेऊन हेच काम करतो. अनुभव उलटा आहे.

2019 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं (धोक्याची पातळी 45). आम्ही पत्रकं छापली, पण द्यायची कुणाला? माणसं पाहुण्यांकडे, घराला कुलूप, मोबाईल बंद. सगळी रद्दीत.

नंतर मी मे महिन्यातच हरभट रोड, मारुती चौकातल्या दुकानदारांना भेटायला लागलो. पंपाचा तासाचा दर, गाळ उपसायचा दर कागदावर लिहून द्यायचा आणि पुरात तो वाढवायचा नाही. (आमच्यातल्याच एकाने तिप्पट मागितले, आता त्याला गल्लीत कोणी चहाही पाजत नाही.) सगळ्यात जास्त कामं वायरमनकडून येतात. पाणी उतरल्यावर लोक पहिला फोन त्यालाच करतात, मीटर तपासल्याशिवाय आत पाय ठेवायचा कसा?

आणखी एक, पैसे न घेता सांगतो: विमा असेल तर भिजलेला माल टाकायची घाई नको, आधी फोटो काढा, नुकसान बघायला येणाऱ्या विमा सर्व्हेअरला दाखवा. तळघर तर बाहेरचं पाणी उतरायच्या आत एकदम उपसू नका, बाहेरच्या दाबाने भिंत आत येते. हे ऐकून एक काका म्हणाले, "म्हणजे आज तुझं काम नाही?" नव्हतंच. चार दिवसांनी त्यांनीच बोलावलं, शेजारच्या दोन दुकानांसकट.