काय देणार आहात, ते आधी सांगा

मार्च 2019 मधला एक रविवार. निफाडहून मामांचा फोन आला. "अगं, तुमचं इंग्लंड बाहेर पडणार आहे की नाही? आमच्या निर्यातदाराचा कंटेनर बोटीवर आहे. रॉटरडॅमला उतरून पुढे ट्रकने तुमच्याकडे यायचाय. मधेच तुम्ही वेगळे झालात तर द्राक्षं कुठे अडकतील?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या आठवड्यात ते इथे कुणाकडेच नव्हतं. युरोपीय संघातून बाहेर पडायची मुळात कायद्याने ठरलेली तारीख होती 29 मार्च, आणि नेमक्या त्याच दिवशी ब्रिटिश संसदेने तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार तिसऱ्यांदा फेटाळला, 344 विरुद्ध 286 मतांनी. जानेवारीत तर 432 विरुद्ध 202 असा पराभव झाला होता. बाहेर पडणं ढकलत ढकलत 31 जानेवारी 2020 वर गेलं.

घरच्या ग्रुपवर तेव्हा दोन सूर होते. एक म्हणायचा, जगावर राज्य केलेल्यांना साधी वाटणी जमेना. दुसरा म्हणायचा, जनतेने कौल दिलाय, मग पुढारी अडवून का बसलेत? मला दोन्ही पटले नाहीत. मी लेस्टरमध्ये राहते, आणि मला जे दिसत होतं ते यात कुठेच नव्हतं.

संघात राहायचं की बाहेर पडायचं, या सार्वमतात माझ्याकडे भारतीय पासपोर्ट असूनही 23 जून 2016 ला मी मतदान केलं, कारण राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांना तो हक्क होता. माझ्या शेजारी बसून काम करणाऱ्या पोलिश मैत्रिणीला नव्हता. मी 'राहा' म्हटलं. आमच्या रस्त्यावरचे किराणावाले काका, 1972 मध्ये युगांडातून हाकलले गेलेल्या कुटुंबातले, त्यांनी 'बाहेर पडा' म्हटलं. त्यांचं कारण हापूस होतं. 1 मे 2014 पासून युरोपीय संघाने भारतातला आंबा बंद केला, सोबत अळू, वांगी, कारली, पडवळही. ऐन हंगामात त्यांचं दुकान रिकामं पडलं. फळमाशीची तक्रार खरी होती आणि आपल्याकडची तपासणी सुधारल्यावर 2015 च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठलीही. पण आपल्या दुकानात काय विकायचं ते युरोपीय संघाच्या ब्रुसेल्समध्ये ठरतं, हे त्यांच्या मनात बसलं ते बसलंच. त्यांच्या मताला मी कधीच मूर्खपणा म्हटलेलं नाही.

2018 च्या हिवाळ्यापर्यंत आम्ही दोघं एकच वाक्य बोलायला लागलो होतो: वाटाघाटी करणाऱ्यांवर आपला विश्वास नाही. त्यांना वाटायचं हे मुद्दाम कच्चा करार आणताहेत, मला वाटायचं यांना मुळात काय हवंय तेच ठरलेलं नाही. संताप मात्र एकाच गोष्टीचा होता. घ्यायचं काय ते सगळे सांगत होते, द्यायचं काय ते कुणीच नाही. व्यापारमंत्री लिअम फॉक्स यांनी जुलै 2017 मध्ये संघाशी होणारा व्यापार करार मानवी इतिहासातल्या सर्वांत सोप्या करारांपैकी एक ठरायला हवा असं म्हटलं होतं. एकच जकात संघ सोडायचा, आयर्लंड बेटावरची, संघातच राहणारा आयर्लंड देश आणि ब्रिटनमधला उत्तर आयर्लंड यांच्यामधली सुमारे 500 किलोमीटरची सरहद्द मोकळी ठेवायची, आणि उत्तर आयर्लंड व उरलेल्या ब्रिटनच्या मधेही तपासणी नको: या तिन्ही गोष्टी एकत्र होत नाहीत. त्या सरहद्दीवर 1998 च्या शांतता करारानंतर कुठे शांतता आली होती. मतदानाआधी हे आम्हाला नीट बसवून कुणी समजावलं नाही. मतपत्रिकेवर फक्त एक प्रश्न आणि दोन चौकोन होते.

किंमत कळली ती जानेवारी 2021 मध्ये, संघाशी व्यापाराचे जुने नियम संपल्यावर, माझ्या टेबलावर. मी खाद्यपदार्थांच्या घाऊक व्यापाऱ्याकडे कागदपत्रं बघते. भारतातून आलेलं लोणचं आमच्या गोदामातून जसंच्या तसं डब्लिनला पाठवलं, तर ते 'ब्रिटनमध्ये तयार झालेलं' ठरत नाही. म्हणजे इथे कर भरलेल्या मालावर तिथे पुन्हा कर. इथल्याच डेअरीचं तूप पाठवायचं तर पशुवैद्याच्या सहीचा दाखला. छोट्या गिऱ्हाइकांना पाच-सहा खोकी पाठवणं परवडेना, ती गिऱ्हाइकं तुटली.

तरीही घरून कुणी "बघा, लोकशाहीचा कसा विचका केला" असं म्हणालं की मी भांडते. कारण याच काळात आपल्याकडे आरसेपची, म्हणजे आशिया-पॅसिफिकमधल्या देशांच्या मोठ्या व्यापार कराराची, चर्चा चालली होती. 2012 मध्ये सुरुवात झाली आणि 4 नोव्हेंबर 2019 ला बँकॉकमध्ये भारताने माघार घेतली. न्यूझीलंडच्या दूध पावडरीची धास्ती घेतलेल्या दूधवाल्या शेतकऱ्यांना हायसं वाटलं, मामांनाही. मला स्वतःला तो निर्णय बरोबर वाटतो. पण इतकी वर्षं मसुद्याचं एक पान शेतकऱ्याला अधिकृतपणे वाचायला मिळालं नव्हतं. होकार आला असता तर तोही असाच एका संध्याकाळी बातमीतून कळला असता. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करारावर संसदेची मंजुरी घेणं सरकारवर बंधनकारक नाही.

इथे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2017 मध्ये सांगितलं की संसदेला विचारल्याशिवाय बाहेर पडायची नोटीस देता येणार नाही. सरकारने स्वतःचा कायदेशीर सल्ला लपवला, तेव्हा डिसेंबर 2018 मध्ये संसदेने अवमानाचा ठराव केला आणि दुसऱ्या दिवशी तो सल्ला उघड करावा लागला. कराराचा 585 पानी मसुदा कुणालाही उघडून वाचता येत होता. काकांनी आणि मी त्यातली आयर्लंडची पानं दुकानाच्या गल्ल्यावर वाचली. हे सगळं मतदानाच्या नंतर झालं, आधी व्हायला हवं होतं, ही माझी तक्रार आजही आहे. पण अडलेलं दिसत तरी होतं, आणि कुठे अडलंय ते बोट ठेवून दाखवता येत होतं.

24 जुलै 2025 ला भारत आणि ब्रिटनचा व्यापार करार सह्यांसह जाहीर झाला. मजकूर वाचायला मिळाला, तोही सह्या झाल्यावरच. त्या रविवारी मामांनी फोनवरच तो उघडायला लावला. द्राक्षांची ओळ सापडेपर्यंत तासभर गेला. मग त्यांनी विचारलं, "आणि आपण त्यांना काय दिलं, ते कितव्या पानावर आहे?"

व्हिस्कीवरचा कर 150 टक्क्यांवरून आधी 75 आणि दहाव्या वर्षापर्यंत 40 टक्क्यांवर येणार, तेवढं मी वाचून दाखवलं. मोटारींचं परिशिष्ट पुढच्या रविवारी घ्यायचं ठरलं.