३.९ मोठं की ३.१०?

आमचं सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही घरी सुखाने नांदतं, असं आम्ही ग्राहकांना सांगतो. नांदवते मी. त्याचा बिल्ड, म्हणजे कोडचं पीठ मळून, लाटून, भाजून पानात वाढायचं काम, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतली एक स्क्रिप्ट करते. ती २०११ साली कुणीतरी लिहिली. तो कुणीतरी हल्ली कॅनडात असतो आणि माझ्या मेसेजवर अंगठ्याचं चित्र टाकतो. मराठीत अंगठा दाखवण्याचा जो अर्थ होतो, तोच मी घेते.

स्क्रिप्ट नुसती 'पायथन' अशी हाक मारते. वाड्यात "बाळ्या" म्हणून हाक मारावी तसंच हे. कुठला बाळ्या ओ देईल, ते वाड्यावर अवलंबून. जुन्या उबुंटूवर, म्हणजे लिनक्सच्या एका अवतारावर, २.७ क्रमांकाचा जुना पायथन धावत यायचा. उबुंटूच्या २०.०४ या आवृत्तीपासून कुणीच हूं की चूं करत नाही. 'पायथन३' असं पूर्ण नाव घ्यावं लागतं. नाहीतर 'पायथन-इज-पायथन३' नावाचं एक पॅकेज बसवायचं. राजपत्रात नावबदल छापून आणतात ना, तसं. मॅकवर २.७ वर्षानुवर्षं पडून होता, तो २०२२ मध्ये १२.३ च्या अपडेटसोबत घराबाहेर गेला. विंडोजची तऱ्हा न्यारी. पायथन घरात नसला की हाकेसरशी ॲपचं दुकानच उघडतं: बाळ्या नाहीये, पण आलाच आहात तर काहीतरी घेऊन जा!

खरं तर २.७ ची निवृत्ती २०१५ सालीच ठरली होती. तिला मुदतवाढ मिळत २०२० उजाडलं. तिसरा पायथन तर २००८ मध्येच जन्मलेला. बारा वर्षं तो बिचारा उंबऱ्यात उभा. दोघांचं पटतही नाही. प्रिंट या आज्ञेला कंस नसला की नवा आरडाओरडा करतो, ते एक बरं. भागाकारात मात्र घुम्या! तीन भागिले दोन, जुना म्हणायचा एक, नवा म्हणतो दीड. फाइलींचे गठ्ठे पाडणारी आमची ओळ एके दिवशी दीड गठ्ठा मागायला लागली, त्या दिवशी मला ही सुधारणा कळली. (पायथन हे नाव सापावरून नाही, ब्रिटिश टीव्हीवरच्या एका विनोदी मंडळीवरून पडलंय. विनोद अजून चालू आहे.)

शेवटी सगळ्यांना ३.१० वर आणायचं ठरलं. त्याहून नवा घ्यावा, तर ३.१२ ने डिस्ट्युटिल्स हे पॅकेजं बांधायचं जुनं अवजार काढून टाकलेलं, आणि आमची स्क्रिप्ट त्याच्याच जिवावर जगते.

त्या संध्याकाळी सहावीतल्या लेकीने विचारलं, "आई, ३.९ मोठं की ३.१०?"

"३.१०," मी मान वर न करता सांगितलं. "३.९ नंतर एक वर्षाने आलं."

दुसऱ्या दिवशी वहीत लाल फुली. खाली बाईंचा शेरा: 'दशांश अपूर्णांकात शेवटच्या शून्याला किंमत नसते. पालकांनी लक्ष द्यावे.'

पालक त्या वेळी सर्व्हरकडे लक्ष देत होते. बिल्ड तिन्ही घरी कोसळला होता आणि सर्व्हर सांगत होता, पायथन ३.१ सापडत नाही. ३.१? २००९ सालचा? तो मागितला कुणी? दीड तास मी फाइली उसवल्या. स्क्रिप्ट निर्दोष. गुन्हेगार निघाली सेटिंगची यामल फाइल. तिच्यात मी ३.१० लिहिलं होतं. तिने तो दशांश अपूर्णांक समजून शेवटचं शून्य उडवलं. बाईंचीच विद्यार्थिनी!

आकड्याला दोन्हीकडून अवतरण चिन्हं घातली. आता तो आकडा उरला नाही, नुसतं अक्षर झालं. अकरा मिनिटांत तिन्ही घरी हिरवे दिवे लागले.

लेक खुर्चीमागे उभी राहून सगळं बघत होती.

"आई, परीक्षेत मीपण अवतरण चिन्हं घातली तर?"