आमचा बेवारस ट्रेलर

नारिंगी स्टिकर निघतो, त्याचा डिंक निघत नाही. खोबरेल तेल लावून झालं, नेलपॉलिश रिमूव्हर लावून झालं, बायकोने कुठेतरी वाचून मेयोनेझसुद्धा फासून पाहिलं. ट्रेलरच्या खिडकीवर अजून तो चौकोन आहेच, आणि त्यावर वाळवंटातली धूळ अशी चिकटलीय की 'बेवारस वाहन' ही अक्षरं आधीपेक्षा ठळक दिसतात. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की 24 तासांत न हलवल्यास टो करून नेण्यात येईल. टो करणारा ट्रक अर्थात डिझेलचा असणार. त्याला मध्ये कुठे थांबावं लागत नाही.

प्रकार थोडक्यात असा. इलेक्ट्रिक पिकअप ट्रक, मागे 22 फुटी कॅम्पर ट्रेलर (चाकांवरचं छोटं घरच), गाडीत मी, बायको आणि भारतातून आलेले सासरे. दक्षिण कॅलिफोर्नियातून निघून युटामधल्या झायन नॅशनल पार्कला जायचं. इंटरस्टेट 15 हा महामार्ग धरायचा आणि सरळ जायचं. रस्ता सरळच आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

ट्रकबद्दलही नाही. फोर्डची एफ-150 लायटनिंग 10,000 पाउंड ओढते, रिव्हियनची आरवनटी 11,000, असं त्यांची माहितीपत्रकं सांगतात आणि ते खरं आहे. ओढतात. वाटेतल्या कॅहोन पास या घाटाचा चढ 4000 फुटांच्या वर जातो. तिथे बाकीचे ट्रेलरवाले इंजिनाच्या किंकाळ्या ऐकत चढत होते आणि आम्ही आत कुजबुजत गप्पा मारत होतो. किती ओढता ते कंपन्या मोठ्या अक्षरांत लिहितात. कुठपर्यंत ओढता हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. खरेदीच्या वेळी काचेवर लावलेले 320 मैल एकट्या, मोकळ्या, ब्रह्मचारी ट्रकचे असतात. मागे संसार जोडला की निम्मे.

याला कारण ट्रेलरचं वजन, असं मलाही वाटायचं. वजन चढावर नडतं. सपाट रस्त्यावर नडतं ते ट्रेलरचं कपाळ. आठ फूट रुंदीची ती उभी भिंत हवेवर आपटत जाते, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 55 मैलांऐवजी 70 ने गेलात तर तो विरोध साठ टक्क्यांहून जास्त वाढतो. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला कायद्याने 55 च्या वर जाताच येत नाही, त्यामुळे निदान या बाबतीत सरकार माझ्या बॅटरीची काळजी घेतं. तो कायदा पाळणारा त्या रस्त्यावर मी एकटाच होतो, हा भाग वेगळा. एक शाळेची बससुद्धा आम्हाला ओलांडून गेली आणि मागच्या सीटवरच्या पोरांनी हात केले. त्यात मार्चचा वारा समोरून.

सासरे वीज मंडळातून निवृत्त झालेले. निघाल्यापासून त्यांचं लक्ष रस्त्यावर कमी आणि ट्रकच्या पडद्यावर जास्त होतं.

"बॅटरी किती युनिटची म्हणालात?"

"131, बाबा."

"एकशेएकतीस!" त्यांनी मागे वळून लेकीकडे पाहिलं. "आपल्या घरचं महिन्याचं बिल एवढ्या युनिटचं येत नाही. आणि जावईबापू दुपारच्या आत संपवणार."

हे मला लागलं, कारण हिशेब बरोबर होता. मैलाला एक युनिट जात होतं. बॅटरी 80 टक्क्यांपुढे भरत बसण्यात अर्थ नसतो, कारण तिथून वीज आत घ्यायचा वेग इतका पडतो की शेवटच्या वीस टक्क्यांत माणसाची दाढी वाढते. खाली दहा टक्क्यांवर आणली तर बायको बोलणं थांबवते. म्हणजे वापरायला उरले सत्तर टक्के, नव्वदएक मैल. दीड तास चालवा, पाऊण तास थांबा. पेट्रोलवाले यावर हसतात, आणि त्यांच्याकडे हसण्यासारखं आहेही: एका गॅलन पेट्रोलमध्ये साधारण 33.7 युनिट ऊर्जा असते. माझी अख्खी, हजारो डॉलरची, ट्रकच्या तळाशी पसरलेली बॅटरी म्हणजे चार गॅलनपेक्षाही कमी पेट्रोल. एरवी हे कळतसुद्धा नाही, कारण इंजिन दोन तृतीयांशाहून जास्त ऊर्जा उष्णता करून फेकून देतं आणि मोटर जवळपास काहीच फेकत नाही. ट्रेलर लावला की मात्र टाकीचा आकार उघडा पडतो.

हेही मी सहन केलं असतं. थांबायला माझी ना नाही, थांबायचं कुठे हा प्रश्न आहे. महामार्गालगतचे बहुतेक चार्जर दुकानांच्या पार्किंगमध्ये असतात, एका ओळीत, प्रत्येकापुढे एक गाडी मावेल एवढी आखलेली जागा. माझ्या ट्रकचं चार्जिंगचं तोंड पुढे डावीकडे. म्हणजे नाक चार्जरला लावायचं. नाक लावलं की मागे 22 फूट ट्रेलर वाटेत आडवा. पेट्रोल पंपावर कुणी असं म्हणत नाही की या, पण आधी आपलं सामान कोपऱ्यात ठेवून या.

तर आम्ही ठेवलं. बैल सोडून पाण्यावर न्यावा तसा ट्रक सोडायचा. सोडायचा म्हणजे ट्रेलरच्या चाकांना अटकण लावा, जॅक खाली घ्या, वजन वाटून घेणारे दोन दांडे काढा (बोट सांभाळून), दिव्यांचा सात पिनांचा प्लग काढा, ब्रेकची केबल काढा, दोन साखळ्या काढा, खटका उघडा, जॅक फिरवत फिरवत ट्रेलरचं तोंड ट्रकमागच्या गोळ्यावरून उचला. मग तीनशे फुटांवरच्या चार्जरपाशी जा. चार्ज झालं की हेच सगळं उलट्या क्रमाने, त्यात शिवाय रिव्हर्स. सासरे म्हणाले, "तुम्ही जा, मी ट्रेलरमध्येच जरा आडवा होतो." झाडाखाली गार होतं. खिडकी उघडून, पडदा ओढून ते झोपले.

पहिला चार्जर पैसे घेईना. दुसरा पैसे घेऊन वीज देईना. मदतीच्या नंबरवरच्या बाईंनी विचारलं, गाडी बाजूच्या चार्जरवर हलवून पाहिली का? तिसऱ्यावर घरघर सुरू झाली आणि मी, केवळ माणुसकीच्या नात्याने, ट्रेलरकडे बघायला गेलो. तिथे गोल्फ कार्टमध्ये बसलेले एक सुरक्षारक्षक तळहाताने स्टिकर नीट दाबत होते. कोपरे, मग मध्य, मग पुन्हा कोपरे. एखाद्या कामात इतकं मन लावलेलं मी माझ्या ऑफिसात कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही.

"हा ट्रेलर माझा आहे," मी म्हणालो.

"नमस्कार सर. हा बेवारस आहे."

"माझा आहे म्हणतोय ना."

"मी आलो तेव्हा मालक इथे नव्हता."

"मी ट्रकपाशी होतो. तो काय, तिकडे."

त्यांनी डोळ्यांवर हात धरून तिकडे पाहिलं. अंतराचा अंदाज घेतला. "म्हणजे इथे नव्हता."

"आता आहे ना?"

"आता आहे. पण स्टिकर आता लावलेला नाही, तेव्हा लावलाय."

मी म्हटलं, काढा मग. ते हळहळले. अगदी मनापासून. स्टिकरचा नंबर वहीत चढला होता, वही संध्याकाळी ऑफिसात जाते, आणि ऑफिस सोमवारी उघडतं. शिवाय मला 24 तास आहेतच.

"मी तासाभरात निघणार आहे."

"मग काळजीचं कारणच नाही."

"मग स्टिकरचंही नाही!"

"ट्रेलर बेवारस आहे ना, सर." हे त्यांनी लहान मुलाला समजावावं तसं, पण न चिडता सांगितलं. न चिडणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, आणि याचा मला आजही राग येतो.

मी वेगळ्या बाजूने सुरुवात केली. "समजा, मी ट्रेलर न सोडता तसाच चार्जरपाशी नेला असता तर?"

"तर वेगळा," असं म्हणून त्यांनी सीटखालून पिवळ्या स्टिकरांची गड्डी काढली. वाट अडवणारी वाहने. त्यांनी ती मला हातात घेऊन बघू दिली. पिवळ्याचा डिंक, ते म्हणाले, नारिंगीपेक्षा चांगला आहे.

"म्हणजे जोडलेला असला तर पिवळा आणि सोडलेला असला तर नारिंगी. मग ट्रेलरवाल्याने इथे चार्ज करायचं तरी कसं?"

इथे ते खरंच विचारात पडले. टोपी काढली, घातली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. अखेर म्हणाले, "ट्रेलर घरी ठेवून."

त्याच क्षणी बेवारस ट्रेलरचं दार उघडलं आणि बनियन-लेंग्यातले सासरे पायरीवर आले. "काय झालं हो? यांना चहा हवाय का विचारा."

रक्षक एक पाऊल मागे सरकले. "आत माणूस आहे?"

"माझे सासरे."

"पार्किंगमध्ये राहायला परवानगी नाही, सर." आणि त्यांचा हात पुन्हा सीटखाली गेला. तिथे तिसरा रंग होता की काय ते मला कधीच कळलं नाही, कारण तोपर्यंत सासरे पायऱ्या उतरून गोल्फ कार्टला प्रदक्षिणा घालत होते. ती कार्ट विजेवरची. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

"लेड-ॲसिड?" सासऱ्यांनी वीज मंडळाच्या इंग्रजीत विचारलं. "पाणी कोण तपासतं?"

पाणी कुणीच तपासत नव्हतं. हल्ली कार्ट दुपारीच दमते, रक्षक म्हणाले, उरलेली फेरी पायी मारावी लागते. सीट वर झाली. सासऱ्यांनी झाकणं उघडून आत डोकावलं आणि एखाद्या डॉक्टरसारखं नुसतं "अरेरे" केलं. टर्मिनलांवर पांढरट-हिरवे थर चढले होते. ट्रेलरमधून खाण्याचा सोडा आला, बायकोचा जुना टूथब्रश आला (तो जुना नव्हता, हे पुढे कळलं), आणि अर्धा तास एक निवृत्त अभियंता एका परक्या देशातल्या गोल्फ कार्टच्या बॅटऱ्या घासत बसला. डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, नळाचं घालायचं नाही, आणि प्लेटा बुडाल्या की थांबायचं, हे रक्षकांनी त्याच वहीत लिहून घेतलं, जिच्यात आमचा नंबर होता. दोघांनी चहा घेतला. मी चार्जरकडे धावत गेलो, कारण चार्जिंग संपल्यावरही गाडी तिथेच राहिली तर मिनिटागणिक दंड सुरू होतो.

परत आलो तर ते हात हलवत निघाले होते. "तुमचे वडील फार सज्जन आहेत," ते मला म्हणाले. आणि स्टिकर? तो वहीत चढलाय ना, सर.

"भला माणूस," जॅक फिरवताना सासरे म्हणाले. "नियमाचा पक्का." मी काही बोललो नाही, माझं बोट दांड्यात अडकलं होतं.

एक सांगतो, मला विजेचा कंटाळा आलेला नाही. रोजच्या वापरात हा ट्रक सोन्यासारखा आहे, रात्री घरी प्लग लावतो, सकाळी भरलेला. पण देशभर चार्जर उभारायला 2021 च्या कायद्याने पाच अब्ज डॉलर बाजूला काढले. दर 50 मैलांवर स्टेशन, हमरस्त्यापासून एका मैलाच्या आत, किमान चार पोर्ट, प्रत्येकी 150 किलोवॉट, सगळं मोजूनमापून लिहिलं. आणि ज्या देशात पिकअप ट्रक एवढ्या मोठ्या संख्येने विकले जातात, तिथे जागोजागी पार्किंग आखणाऱ्याने समोर धरलीय ती ऑफिसातून घरी जाणारी छोटी गाडी. बोट कुणी ओढत नाही, घोडे कुणी ओढत नाही, सासरे कुणी नेत नाही. पंपासारखी एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघायची जागा करायला संशोधन लागत नाही. डांबर लागतं आणि पांढरा रंग लागतो.

थांबण्याचा एक फायदा म्हणजे ज्ञान वाढतं. बेकर नावाच्या गावात 134 फुटी तापमापक उभा आहे. 1913 च्या जुलैत डेथ व्हॅलीत 134 अंश फॅरनहाइट तापमान नोंदलं गेलं, म्हणून 134 फूट. पेट्रोलच्या गाडीने याच रस्त्याने जाताना मला तो नुसता एक खांब वाटायचा. आता त्याबद्दल मी तुमची परीक्षा घेऊ शकतो.

बेकर मागे पडल्यावर पुढच्या राज्यात, संध्याकाळी, ती जागा दिसली. लांबलचक, आरपार, आणि पाटीवर ट्रेलरचं चित्र. बायको आनंदाने ओरडली. साखळ्या नाहीत, जॅक नाही, नुसतं आत शिरायचं.

तिथे एक इवलीशी हॅचबॅक उभी होती. चार्जरच्या पडद्यावर 94 टक्के. बाकीचे चार्जर, सगळेच्या सगळे, रिकामे. आम्ही मागे इंडिकेटर लावून उभे राहिलो. बऱ्याच वेळाने मालक आइस्क्रीम खात आला. मी शक्य तितक्या मऊ आवाजात पाटीवरचं चित्र दाखवलं.

"पाहिलंय," तो म्हणाला. "पण ही जागा प्रशस्त आहे. दाराला ओरखडा पडत नाही." मग ट्रेलरकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघून, "एवढं धूड घेऊन इलेक्ट्रिकने कशाला फिरता?" असं विचारून तो गाडीत बसला, काच वर केली, आणि 100 होईपर्यंत थांबला.